१९७२ च्या एमजीबी जीटीला एच४ दिवे आणि रिले किट, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगतो. जुन्या एमजीबीचे हेडलाइट मंद वाटत असतील तर पैसे पहिले वायरिंगवर घाला, बल्बचं नंतर बघा. मी एच४ चे (अप्पर-डिप्पर दोन्ही एकाच हॅलोजन बल्बमध्ये असलेले) नवे दिवे आणि रेडीमेड रिले किट (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दोन्ही घेतले, पण मुद्दाम आधी नुसते दिवे बसवून गाडी चालवली आणि मग किट टाकलं, त्यामुळे कशाने किती फरक पडतो ते वेगवेगळं कळलं. खरा उजेड किटने आला. दिव्यांना पाचपैकी साडेचार, किटला साडेतीन. किटचे मार्क कुठे कापले ते खाली येतं, आणि घ्यायचा विचार असेल तर निदान तो भाग तरी वाचाच कारण तो रात्री अंधारात गाडी असताना दोन्ही दिवे एकदम जाण्याचा प्रश्न आहे.

एमजी म्हटलं की आता बऱ्याच जणांना हेक्टर आठवते म्हणून गाडीची थोडक्यात ओळख. एमजीबी ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची दोन सीटर स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८० बनत होती, पाच लाखांवर निघाल्या. जीटी म्हणजे तिचीच छप्पर असलेली, मागे वर उघडणारं दार असलेली कूपे, १९६५ ला आली आणि ते छप्पर पिनिनफारिनाच्या हातचं आहे, बाजूने बघितलं की कळतंच. १७९८ सीसीचं साधं चार सिलिंडर इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर. पार्ट सगळे मिळतात आणि हीच या गाडीची मोठी मजा आहे. मी मिडलँड्समध्ये राहतो, इथे डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडायला लागतो, गावाबाहेरच्या रस्त्यांना दिवे नाहीत, दोन्हीकडे झुडपांचं उंच कुंपण, रस्ता ओला आणि काळा, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीचे एलईडी डोळ्यात. अशा रस्त्यावर मूळ सीलबीमवर (काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद डब्यात असलेला जुना दिवा) ही गाडी चालवणं म्हणजे समोर काय आहे त्याचा अंदाज बांधत जाणं, आणि मला ते पटत नव्हतं. गाडी नुसती उन्हाळ्यातल्या रविवारी बाहेर काढायची नाही, वापरायची आहे.

आता मूळ दुखणं काय ते. या गाडीत कारखान्याने हेडलाइटला रिले दिलेलाच नाही, आणि माझ्या वर्षाच्या गाडीत हेडलाइटच्या सर्किटला फ्यूजसुद्धा नाही. म्हणजे दोन्ही दिव्यांचा सगळा करंट, साधारण दहा अँप, बॅटरीकडून तपकिरी वायरने येतो, डॅशवरच्या लाइटच्या स्विचमधून जातो, तिथून निळ्या वायरने स्टिअरिंगच्या दांडीवरच्या अप्पर-डिप्परच्या स्विचमध्ये, तिथून डिप्परसाठी निळी-लाल आणि अप्परसाठी निळी-पांढरी अशा वायरींनी परत पुढे रेडिएटरपर्यंत, तिथे रबरी नळीतले ते बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराच्या टोकांचे जोड), आणि मग कुठे बल्ब. बल्बमधून काळ्या वायरने बॉडीला अर्थिंग. पन्नास वर्षांत यातल्या प्रत्येक जोडावर हिरवट थर चढलेला असतो आणि प्रत्येक जोड थोडा थोडा व्होल्टेज खातो. एकेक जोड फार खात नाही हो, पण सगळ्यांची बेरीज केली की डोळे उघडतात.

मी मीटर लावून मोजलं, इंजिन चालू, डिप्पर चालू. अल्टरनेटरपाशी १४.० व्होल्ट आणि बल्बच्या पाठीमागे ११.४. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेतच गायब, त्यातले १.९ पॉझिटिव्हच्या बाजूला आणि ०.७ नुसत्या अर्थिंगमध्ये. अर्थिंगकडे लोक बघतच नाहीत, सगळं लक्ष लाल-निळ्या वायरींकडे, पण काळी वायर जिथे बॉडीला स्क्रूने लावलीय तिथे रंग आणि गंज असेल तर बाकी कितीही करा, उजेड कमीच राहणार. मोजायची पद्धत सोपी आहे, दिवे चालू ठेवूनच मोजायचं, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा मीटरवर ठणठणीत दिसतो. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलला आणि दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह पिनला लावलं की जो आकडा येतो तोच त्या बाजूचा लॉस, आणि तसंच अर्थिंगच्या बाजूला बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या काळ्या पिनपर्यंत.

२.६ व्होल्टने काय होतंय असं वाटेल. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, फार वेगाने पडतो, साधारण ३.४ च्या घाताने. एच४ च्या स्टँडर्डमध्येच बघा, १३.२ व्होल्टला डिप्परचे १००० लुमेन आणि अप्परचे १६५० धरलेत, तोच बल्ब १२ व्होल्टवर ७५० आणि १२५०. सव्वा व्होल्टसुद्धा कमी झाला नाही तोवर पाव उजेड गेला. माझ्या ११.४ वर हिशेब केला तर डिप्पर सहाशेच्या आसपास येतो, म्हणजे चांगला बल्ब विकत घेऊन चाळीस टक्के उजेड वायरिंगमध्ये गरम होऊन वाया घालवायचा. आणि ती उष्णता कुठे जाते, तर डॅशवरच्या आणि दांडीवरच्या स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये. जुन्या एमजीबीत हे स्विच जळके आणि पिवळे पडलेले मिळतात ते यामुळेच, आणि दांडीवरचा स्विच स्वस्त नाही. त्यात चांगला उजेड हवा म्हणून कोणी १००/९० वॉटचे (अप्पर/डिप्पर) बल्ब रिलेशिवाय टाकले तर त्या स्विचवर दीडपटीहून जास्त करंट पडतो, उजेड थोडाच वाढतो कारण लॉससुद्धा करंटबरोबर वाढतो, आणि वास यायला लागतो. तसले बल्ब एच४ च्या स्टँडर्डमध्ये बसतच नाहीत, एच४ म्हणजे ६०/५५, बस.

दिवे मी सिबिएचे घेतले, फ्रान्सचं जुनं नाव आहे, सात इंची गोल, एच४ बल्बचे, काचेवर उभ्या रेघा असलेले. पारदर्शक काचेचे आणि आत आरशासारखे चकचकीत रिफ्लेक्टर असलेले बरेच मिळतात आणि त्यातले काही उजेडाला चांगलेही आहेत, पण १९७२ च्या गाडीच्या चेहऱ्यावर मला ते बघवत नाहीत. रेघांची काच जुन्या सीलबीमसारखीच दिसते, गाडी गाडीसारखी राहते. किमतीला किटच्या तिप्पट पडले. बसवणं एकदम सरळ, क्रोमची रिंग कडेने स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकली की निघते, आत तीन छोटे स्क्रू, दिवा बाहेर, मागचा तीन पिनांचा कपलर ओढून काढायचा आणि नव्याला तोच लावायचा, कारण सीलबीम आणि एच४ च्या पिना सारख्याच. ते तीन स्क्रू गंजलेले असतात, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. आणि दिवा निघालाच आहे तर मागची वाटी पूर्ण साफ करा, तिथे चाकाने उडवलेला चिखल साठून विंगच (चाकावरचा पत्रा) आतून सडते, हा एमजीबीचा नेहमीचा आजार आहे.

घेताना एक गोष्ट मात्र नीट बघा. डिप्परचा उजेड एका कडेला वर उचललेला असतो, कडेच्या पाट्या आणि चालणारी माणसं दिसावीत म्हणून. इंग्लंडमध्ये भारतासारखंच डावीकडून चालवतात, म्हणून आपल्याला डावीकडे उचललेला हवा. अमेरिका-युरोपातले उजवीकडून चालणाऱ्यांसाठीचे दिवे ऑनलाइन स्वस्तात दिसतात, ते घेतले तर तो वर उचललेला भाग बरोबर समोरच्याच्या डोळ्यात जातो. काचेवर खुणा असतात, फोटोत दिसत नसतील तर विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत ऑर्डर देऊ नका.

नुसते दिवे बदलल्यावर काय झालं? उजेडाची कड स्वच्छ झाली, डिप्परची रेघ भिंतीवर ठळक दिसायला लागली, सीलबीमसारखा सगळीकडे सांडलेला पिवळा उजेड गेला. पण लांबवर काही फार वाढलं नाही, रंग तसाच नारिंगीकडे झुकणारा. वाचून अपेक्षा तीच होती आणि झालंही तसंच.

मग किट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असली किटं पाच-सहा नावांनी येतात आणि आतला माल सारखाच दिसतो, तीस पौंडांच्या आसपास. आत दोन रिले, चिनी मातीचे दोन एच४ होल्डर, जुन्या कपलरमध्ये घुसवायचा एक प्लग, बॅटरीकडे जाणारी जाड वायर, मध्ये फ्यूज आणि अर्थिंगच्या रिंगा. कल्पना अशी की एका बाजूच्या जुन्या कपलरमधून फक्त इशारा घ्यायचा, तो रिलेच्या ८५ आणि ८६ पिनांमधल्या कॉइलला जातो, कॉइल जेमतेम पाव अँपच्या आत घेते, आणि खरा करंट ३० नंबरवर थेट जाड वायरने येऊन ८७ मधून बल्बला जातो. जुना डॅशचा स्विच, जुनी दांडी, जुन्या वायरी सगळं जागेवरच, त्यांच्या डोक्यावरचा भार तेवढा उतरला. मूळ हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा जुडगा) कुठेही कापावा लागत नाही, आणि उद्या गाडी कोणाला मूळ रूपात हवी असेल तर किट काढून कपलर परत लावला की झालं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, जुन्या गाडीच्या हार्नेसला कात्री लावणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

चांगलं काय होतं तर वायर. कापून बघितली, आत खरं तांबं, जाडी दोन चौरस मिलिमीटरच्या आसपास, एका दिव्याला भरपूर. काही स्वस्त किटांत बाहेरून रबर जाड आणि आत चार तारा असा प्रकार असतो, म्हणून कापून बघाच. चिनी मातीचे होल्डर पण चांगले, जुने प्लॅस्टिकचे उष्णतेने ठिसूळ होतात. रिलेसुद्धा बरे, बंद डब्याचे, पिनांना वॉटरप्रूफ नाही पण तोंड खाली करून बसवले की पाणी साठत नाही, मी उजव्या आतल्या विंगवर फ्यूजबॉक्सच्या पुढे लावले. पुढे कधी रिले बदलायची वेळ आली तर पाच पिनांच्या रिलेत मधली पिन ८७ आहे की ८७ए ते वाचूनच घ्या, ८७ए असेल तर त्या पिनेवर रिले बंद असताना करंट येतो, आणि एखाद्या किटमध्ये ती पिन दुसऱ्या दिव्यासाठी वापरलेली असली तर विचित्र प्रकार होतात.

वाईट काय ते आता. पहिलं आणि सगळ्यात मोठं, सगळ्या किटला मिळून एकच फ्यूज, ३० अँपचा. तो उडाला, किंवा त्याचा होल्डर ढिला पडला, की डावा-उजवा, अप्पर-डिप्पर सगळं एका क्षणात बंद. ताशी साठ मैलांनी अंधाऱ्या वळणावर असताना हे झालं तर काय होईल याचा विचारसुद्धा नको. कारखान्याने फ्यूज दिला नव्हता तेव्हा निदान एक दिवा गेला तर दुसरा राहायचा. मी तो भाग काढून टाकला आणि चार फ्यूजांचा छोटा बॉक्स घातला, डावा डिप्पर, उजवा डिप्पर, डावा अप्पर, उजवा अप्पर, प्रत्येकाला १० अँपचा वेगळा. सामान दहा-बारा पौंडांचं आणि एक निवांत दुपार. विकणाऱ्यांनी हे किटमध्येच द्यायला हवं, पाच पौंड जास्त घ्या पण द्या.

दुसरं, अर्थिंगच्या आणि बॅटरीच्या टोकाच्या रिंगा नीट दाबलेल्याच नव्हत्या, एक तर हाताने ओढल्यावर सरळ निघून आली. सगळ्या कापून नवीन रिंगा चांगल्या क्रिंपरने दाबल्या आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवली. नुसतं सोल्डर करू नका, सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. तिसरं, किट बनवणाऱ्याने बॅटरी बॉनेटखाली आहे असं धरलंय आणि एमजीबीत ती सीटच्या मागे असते, माझ्यात तर सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत. म्हणून करंट स्टार्टरच्या सोलेनॉइडवरून (स्टार्टर मोटरचा मोठा स्विच) घेतला, बॅटरीची जाड केबल तिथे येतेच आणि अल्टरनेटरही त्याच बाजूला आहे, त्यामुळे वायर उलट कमी लागली. काम करताना बॅटरीचं अर्थिंग काढून ठेवा, सोलेनॉइडच्या त्या बोल्टला फ्यूज नसतो आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर वेल्डिंग होतं.

अर्थिंगसाठी दोन्ही बाजूंना वेगळा पॉइंट केला, रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, रिंग, दातेरी वॉशर, नट, आणि वरून ग्रीस. दुसऱ्या बाजूचा जो जुना कपलर मोकळा राहतो तो टेपने नीट गुंडाळून बांधून ठेवा, त्याच्यात अजून करंट येतोच.

सगळं झाल्यावर परत मीटर. अल्टरनेटरपाशी १४.० आणि बल्बवर १३.६. तेच दिवे, तेच बल्ब. उजेड पांढरा झाला, कुंपणाच्या बुडाशी बसलेला ससा आधी वीस पावलांवर दिसायचा तो आता लांबूनच दिसतो, आणि अप्पर मारला की पुढच्या वळणाची पाटी वाचता येते. डॅशवरचा अप्परचा निळा दिवा पहिल्यासारखाच चालतो, दांडी ओढून फ्लॅश मारणंही. बल्बचं आयुष्य मात्र या व्होल्टेजवर कमी होतं, ते धरूनच चाला आणि एक जास्तीचा बल्ब गाडीत ठेवा. अल्टरनेटरला एवढा भार झेपतो का असं एकाने विचारलं होतं, माझ्यात लुकासचा १६एसीआर आहे, ३४ अँपचा, हेडलाइट, टेल लाइट, वायपर, हीटरचा पंखा आणि इग्निशन सगळं चालू ठेवून पळताना पुरतो. सिग्नलला आयडलवर थोडा मागे पडतो, पण ते आधीही होतंच.

फोकस लावून घ्यायला मी एमओटी करणाऱ्या गॅरेजात गेलो. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०१८ पासून ती वार्षिक तपासणी सक्तीची नाही, पण त्यांच्याकडे बीम बघायचं यंत्र असतं आणि दहा मिनिटांचं काम आहे. जोरदार दिवे चुकीच्या उंचीवर असणं मंद दिव्यांपेक्षा वाईट, समोरच्यासाठी तर नक्कीच.

एलईडी का नाही घेतले? कारण एच४ च्या रिफ्लेक्टरची सगळी आखणी त्या बारीक फिलामेंटच्या जागेवर आणि डिप्परच्या फिलामेंटखालच्या छोट्या पत्र्याच्या वाटीवर चालते, एलईडीचा बल्ब त्या जागेच्या जवळपास बसतो पण तिथेच बसतो असं नाही, आणि उजेड नको तिथे फेकतो. चालवणाऱ्याला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून तो खूश आणि समोरचा आंधळा. इथल्या एमओटीत १ एप्रिल १९८६ पासूनच्या गाड्यांमध्ये हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब असला तर नापास करतात, त्याआधीच्यांना ते लागू नाही, पण नियम नाही म्हणून समोरच्याला त्रास द्यायचा हे मला बरोबर वाटत नाही. अख्खा सात इंची एलईडी दिवा, स्वतःची लेन्स आणि ई-मार्क (रस्त्यावर वापरायच्या मंजुरीचा शिक्का) असलेला, हा वेगळा प्रकार आहे आणि चांगलाही असतो, फक्त त्याची काच गरम होत नाही म्हणून बर्फ चिकटून राहतो, आणि दिसायला तो या गाडीचा वाटत नाही.

वायरिंगला हात घातलाच आहे तर जुन्या फ्यूजबॉक्सबद्दल एक सांगून ठेवतो. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो आकडा फ्यूज कितीवर उडतो त्याचा आहे, सतत वाहायला तो १७ अँपचाच. आजच्या फ्यूजांवर सतत वाहणारा आकडा लिहितात. म्हणून ३५ च्या जागी आधुनिक ३५ चा घातला तर तो वायर जळेपर्यंत शाबूत राहील. आणि हार्नेसच जर जागोजागी ठिसूळ झाला असेल, वायर वाकवली की रबराचे तुकडे पडत असतील, तर रिले किटच्या नादाला न लागता पूर्ण नवीन हार्नेस घ्या, नॉटिंगहॅमजवळचे ऑटोस्पार्क्सवाले जुन्या रंगांच्या वायरींचे बनवतात.

फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा साताऱ्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आपल्याकडे जीपवाले हे कधीपासून करतात की." खरंच आहे, महिंद्राची जुनी जीप काय किंवा बुलेट काय, दिवा तोच सात इंची गोल, बल्ब तोच एच४, आणि असली वायरिंग किटं तिकडे कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात टांगलेली असतात. जीपला किट जसंच्या तसं चालेल, बॅटरी पुढेच असते, फक्त फ्यूज वेगवेगळे करून घ्या आणि दुकानदार १००/९० चे बल्ब पुढे करेल ते घेऊ नका. बुलेटवाल्यांनी आधी मीटर लावा, लॉस अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर किटची गरजच नाही, अर्थिंग साफ करून सोडून द्या.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं कारण त्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) आहेत. साधी कॉइल असलेला रिले त्यांनाही चालतो, पण बऱ्याच किटांतल्या रिलेमध्ये कॉइलला डायोड जोडलेला असतो आणि उलटा करंट गेला की तो शॉर्ट होतो. रिलेच्या डब्यावर छोटी आकृती छापलेली असते, त्यात ८५ आणि ८६ च्या मध्ये बाणासारखी खूण दिसली तर त्या दोन वायरी अदलाबदल करून जोडा, नाहीतर डायोड नसलेला रिले मागवा.